आठ तास बारा मिनिटं

३ मार्च
आज बेचाळीस पानं! या विमानतळाहून त्या विमानतळापर्यंत किती किलोमीटर, किती तास — वेबसाइटवर एका जोडीला एक पान. नकाशावरचं सरळ अंतर घ्यायचं, आठशेनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झालं पान. मी स्वतः विमानात कधी बसलेली नाही. चार वर्षं या दोन खोल्यांतच. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं.

५ मार्च
हेड ऑफिसचं पत्र! कायमची नोकरी. अठराला सकाळी हजर व्हायचं, पंधरा दिवस तिथेच राहून शिकायचं. बसने सात तास.
आईजवळ कोण? परदेशातला दादा, दुसरं कोण! फोन केला. "येतो की! मी सारखी तिकिटं बघतच असतो, चिमे."
आई पलंगावरून — "बघ, म्हटलं नव्हतं?"

९ मार्च
तिकीट झालं का विचारलं. "काढतो गं. सतराला सकाळी निघालो की संध्याकाळी तुझ्या दारात. आठ तास बारा मिनिटं! आता सेकंदही सांगू?"
बारा मिनिटं कुठून आणली यानं?

१० मार्च
सापडलं. पान माझंच, दोन वर्षांपूर्वीचं. ६,१६० किलोमीटर. मग तिकिटं शोधून पाहिली — त्या मार्गावर थेट विमानच नाही! दोनदा बदलायचं, एकूण एकतीस तास. विमान आहे की नाही हे आम्ही बघतच नाही — फक्त भागाकार.
लगेच कळवायला फोन उचलला. आणि खाली ठेवला. एकदा जरी तिकीट काढायला बसला असता, तरी पहिल्या मिनिटात कळलं असतं त्याला.
चार वर्षं 'सारखी बघतोय'!

११ मार्च
पानं नऊ. जेवण नको वाटलं.

१३ मार्च
आईला वळवताना तोंड फिरवून सांगितलं — "दादाला जमेलसं दिसत नाही."
"हे तो म्हणतो की तू?"
मी तिची उशी सारखी करू लागले.
"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं गं. तू आस लावून बसलेली, म्हणून मी हो ला हो."
आणि मी तिच्यासाठी म्हणून! दोघी हसलो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.
परत आले तर म्हणते, "वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना फोन करून विचारलंय. तू औषधं आणायला गेलीस तेव्हाच. त्या राहतील. आणि माझ्या उशीशी लुडबुड करू नकोस, बॅग काढ."

१६ मार्च
बॅगेची चेन गंजली होती. तेल घातलं.

१७ मार्च
बस सुटली. दोन तास झाले तशी सवयीनं दचकून उठले — कोणाला वळवणार!
आत्ता दादाचा मेसेज. "अगं, थेट विमानच नाही!! तुला माहीत होतं?"
म्हणजे आज बसलाय तिकीट काढायला.
लिहिलं — "हो. एकतीस तास लागतात. नीघ."