लिंबू फुटलं नाही, म्हणजे हवा कमी

८ मार्च, शनिवार
सगळ्यात आधी टपकली ती माझी मैत्रीण विमल. बोलावलं होतं क्लबाच्या माणसांना, आणि ही पार पलीकडच्या पोरिरुआ गावाहून हजर! हातात डबा, तोही विकतच्या चकल्यांचा. सहज आले म्हणे. आमच्या जुन्या मॉरिस गाडीचा वास लागला असणार.
मग क्लबाचे ग्रॅहम आणि कॉलिन आले. दोघंही ऐंशीच्या घरातले, अर्ध्या चड्ड्या, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. माझा शंतनू आयटीतला एवढा मोठा माणूस, पण जुन्या गाड्यांच्या रनमध्ये, म्हणजे फेरीत, आपली गाडी घ्यावी म्हणून वर्षभर यांच्या मागे लागलाय. पुढच्या रविवारी रन. पुढच्या सीटवर मी बसणार, हे ठरलंय. शंतनूला सांगायचं राहिलंय.
कॉलिनने टायरांना हवेचा काटा लावला. पुढे बावीस पौंड, मागे चोवीस, स्वीट ॲज म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास. कसलं स्वीट! दाबून पाहिलं तर मळलेली कणीक. आमच्या ह्यांच्या सायकलच्या टायरला टिचकी मारली की टण् वाजायचं. पुढच्या शनिवारी एकदा चालवून बघू, मग नक्की, असं सांगून म्हातारे गेले. चकल्या मात्र संपवल्या.

९ मार्च
गाडीची पूजा केली. हळदकुंकू, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं. शंतनूने गाडी पुढे घेतली. तीन फुटली, चौथं जसंच्या तसं. मी लगेच म्हटलं, बघा, हवा कमी! बसका टायर लिंबू काय फोडणार? नात ओवी इंग्रजीत म्हणाली, चाक लिंबाच्या बाजूने गेलं. पोरीला मराठी सगळं कळतं, बोलायला तेवढी जीभ जड. सूनबाई म्हणजे प्राची, ती म्हणे मॅन्युअलमध्येही बावीस-चोवीसच लिहिलंय. लिहिणाऱ्याने लिंबू ठेवून बघितलं होतं का?

११ मार्च, सकाळ
ठरवलं. कुणाच्या कामात लुडबूड करायची नाही.

११ मार्च, दुपार
घरात कोणी नाही. गॅरेजात विजेचा पंप. चारी टायर चाळीसपर्यंत नेले. टण् वाजले! ओवी शाळेतून आली आणि दारात उभी राहून बघत होती. तिला बेसनाचा लाडू दिला. ही लुडबूड नव्हे, मदत.

१३ मार्च
शंतनू भाजी आणायला मॉरिस घेऊन गेला होता. गाडी उड्या मारते म्हणाला. डिकीतली अंडी फुटली. इथल्या कोंबड्यांची अंडीच नाजूक. स्प्रिंग गेली असेल म्हणून बिचारा फोनवर तासभर शोधत होता. मी शोधू दिलं. त्याला शोधायला आवडतं.

१५ मार्च, शनिवार
म्हातारे आले. विमलही आली. सहज.
मी आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले. ग्रॅहम चालवायला. पाऊस पडून गेलेला. पहिल्याच राउंडअबाउटला गाडी जी घसरली ती गवतावर चढली आणि कोणाची तरी लेटरबॉक्स आडवी केली. गाडीला ओरखडाही नाही. मी म्हटलं ना, पूजा केली होती.
हळूहळू घरी आणली. कॉलिनने काटा लावला. चाळीस! एवढी हवा भरली की गाडी घसरणारच, म्हणाला. शंतनू पांढराफटक. वर्षभराची धडपड आता गेली म्हणत होता. हवा भरली कोणी, म्हणून सगळे विचारायला लागले. तेवढ्यात ओवी अख्खं वाक्य मराठीत बोलली, की आजीनेच हवा भरली. काय स्वच्छ उच्चार! मला तर भरून आलं. माझ्याशीच बोलून बोलून शिकली पोर.
कॉलिनने फुस्स करून हवा बावीस-चोवीसवर आणली. ग्रॅहम एक चक्कर मारून आला, गाडी गुणी आहे म्हणाला. क्लबाने रनमध्ये घेतली. मीही तेच म्हणत होते, टायर आधी ताणून घेतले की मग नीट बसतात.
शंतनूने पंपाची वायर ऑफिसच्या बॅगेत घातली. आणि पुढच्या सीटवर विमलमावशी बसतील म्हणाला, त्या कशाला हात लावत नाहीत. ती मेली लाजली!
उद्या रविवारी, नऊला परत येतो म्हणालेत सगळे. चकल्या मी घरीच करून ठेवतेय.