पाणघोडीच्या तळ्यात बेकायदेशीर प्रवेश

आदरणीय व्याहीसाहेब,

आपल्याला आणि विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार. आपली कंबर आता कशी आहे? मागच्या भेटीत खुर्चीवरून उठताना आपण जो आवाज केलात तो अजून आमच्या सौ.च्या कानात आहे. विहीणबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल तर हे पत्र आधी त्यांनी वाचावं आणि मग बेताबेताने आपल्याला सांगावं, अशी माझी नम्र सूचना. (निघाली नसेल तर आपणच वाचा, पण बसून.) आमच्याकडे सगळं ठीक. सौ.चा गुडघा कुरकुरतो पण चालतो. आपली होणारी सून लग्नाच्या तयारीत बुडालेली आहे. आणि मी, कळवायला आनंद वाटतो की, तुरुंगात नाही.

शेवटचं वाक्य वाचून दचकू नका. जायची शक्यता होती, एवढंच. लग्न तोंडावर आलेलं असताना मुलीच्या बापावर फौजदारी खटला चालला आणि त्यात तो दोषी ठरला, ही बातमी कोणा तिसऱ्या माणसाने मीठमसाला लावून आपल्याला सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. मीठमसाला मीही लावेन, पण तो घरचा असेल.

मी निवृत्त होईपर्यंत प्राणिसंग्रहालयात कार्यालय अधीक्षक होतो, हे आपण जाणताच. लोकांना वाटतं, प्राणिसंग्रहालयात नोकरी म्हणजे वाघाच्या पाठीवर हात. माझा हात आयुष्यभर फायलींवरच राहिला. पण माझं टेबल खिडकीला लागून होतं आणि खिडकीखाली पाणघोडीचं तळं होतं. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. मी नोकरीला लागलो तेव्हा ती पिल्लू होती, आणि मी निवृत्त झालो तेव्हा तिचा आकार, तिचा रुबाब आणि जेवणानंतर डोळे मिटून पडून राहण्याची सवय या तिन्ही गोष्टी आमच्या तेव्हाच्या संचालकांच्या तोडीस आल्या होत्या. दुपारी मी डबा उघडायचो, ती गवत खायची, आणि खाता खाता आम्ही एकमेकांकडे बघत असू. संसारात याहून जास्त काय असतं? (हे वाक्य सौ.ने वाचलं आहे आणि त्यावरचं आपलं म्हणणं तिने राखून ठेवलं आहे.)

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात तळ्यावर कॅमेरा बसला, पाण्याचा फवारा बसला, आणि दोन्ही संगणकाला जोडले गेले. फार उकडायला लागलं की पशुवैद्य बाई फोन करायच्या, मी बटण दाबायचो, फवारा उडायचा. निवृत्तीच्या दिवशी माझ्याकडून कपाटाची किल्ली, ओळखपत्र, रबरी शिक्का आणि एक छत्री (ती माझी स्वतःची होती) असं सगळं रीतसर परत घेण्यात आलं. पासवर्ड मात्र कोणी मागितला नाही. मला वाटलं, आठवण म्हणून राहू दिला.

तर घरी बसल्यावर दुपारी जेवण झालं की मी संगणक उघडायचो, माझं नाव घालायचो, पासवर्ड घालायचो आणि बाईसाहेबांना बघायचो. बस्स. कधी तिची पाठ कोरडी दिसली तर थोडा फवारा सोडायचो. फवारा सुरू झाला की ती हळूच मान खाली घालून पाण्यात जायची. मी समजायचो, नमस्कार करते आहे. मीही इकडून करायचो. सौ. विचारायची, कोणाला हात जोडता? मी म्हणायचो, जुन्या सहकारी आहेत.

असं छान चाललं होतं. मग एका दुपारी कॅमेऱ्यासमोर एकदम काहीतरी गोल, तुकतुकीत, करड्या रंगाचं आलं आणि सगळा पडदा भरून गेला. मला वाटलं, आज बाईसाहेब अगदी काठाशी आल्या, आणि बिचारीची पाठ किती कोरडी पडली आहे. मी फवारा सोडला. नेहमीपेक्षा जरा जोरातच सोडला. ती पाठ नव्हती, व्याहीसाहेब. नवे संचालक खाली वाकून कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसत होते, आणि ते त्यांचं टक्कल होतं. त्यांच्यामागे पाहणीला आलेली समिती फोटोसाठी ओळीने उभी होती. समितीही भिजली. मला यातलं काहीच दिसलं नाही. काचेवर पाणी उडून चित्र धूसर झालं तेव्हा मी समाधानाने संगणक बंद केला आणि पडून राहिलो.

पुढच्याच सकाळी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत बातमी. प्राणिसंग्रहालयावर संगणकी हल्ला, अज्ञात टोळीचा हात, परदेशी धागेदोरे असण्याची शक्यता. वाचून माझं डोकं फिरलं. ज्या जागेचं मीठ खाल्लं तिथे कोणी भामटा शिरतो म्हणजे काय? मी लगेच कार्यालयात फोन लावला. माझ्या खुर्चीवर आता बसणाऱ्या गृहस्थांना म्हटलं, तुम्ही लोक पहारा कसला ठेवता, काही ताळतंत्र आहे की नाही, आणि तपासात मदत व्हावी म्हणून वर हेही सांगितलं:

“काल दुपारी मी आत होतो तेव्हा तर सगळं ठीक होतं.”

मग त्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे माझा पत्ता विचारला. मला वाटलं, आभाराचं पत्र येणार.

आली ती पोलिसांची गाडी. संगणकाच्या गुन्ह्यांचं वेगळं खातं असतं, तिथल्या एक तरुण अधिकारी बाई आणि एक तज्ज्ञ. बाई फार सभ्य. चपला बाहेर काढून आत आल्या. तज्ज्ञ मात्र खट्टू दिसत होता, कारण त्याने रात्रंदिवस टोळी शोधली होती आणि टोळी रोज जेवण झाल्यावर, स्वतःच्या खऱ्या नावाने, घरच्या जोडणीवरून आत येऊन, काम झाल्यावर व्यवस्थित बाहेर पडत होती. त्यांनी संगणक पिशवीत घालून सील केला. त्यावर सौ.ने विणलेलं लोकरीचं आच्छादन होतं, तेही गेलं. सौ.ने वाद घातला की गुन्हा यंत्राने केला, लोकरीने नाही. बाईंनी तिला समजावलं, पण पंचनाम्यात “मोरपंखी रंगाचे आच्छादन, हाताने विणलेले, उत्तम स्थितीत” असं लिहिलं. त्या “उत्तम”वर सौ. इतकी खूश झाली की तिने त्यांना चहा केला. माझ्याकडे त्या दिवशी कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

मुलगी संध्याकाळी घरी आली आणि माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, “बाबा, आता मी त्यांच्या घरी काय सांगू?” मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी सांगतो. ते सांगणं आता होत आहे. उशीर झाला याचं कारण, निर्दोष सुटून मगच लिहावं असा माझा पक्का बेत होता.

खटल्यात माझे वकील मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की आपण गप्प बसा. (फी घेऊन गप्प बसायला सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.) सरकारी वकिलांनी दोन आरोप मांडले. परवानगी नसताना यंत्रणेत शिरणं हा एक, आणि नुकसान करण्याच्या हेतूने तिच्याशी छेडछाड करणं हा दुसरा. दुसऱ्या आरोपात खरोखरच तुरुंग होता. संचालकांनी साक्षीत आपला ओला झालेला कोट दाखवला, जो एव्हाना वाळला होता. मग मला राहवेना. मी उभा राहून म्हटलं की माझ्याकडून छत्रीसुद्धा परत घेतली, पासवर्ड नाही घेतला, मग तो माझाच नाही का?

न्यायाधीश बाई माझ्यापेक्षा वयाने थोड्या लहान असतील. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, “घर सोडलेल्या भाडेकरूकडे किल्ली राहिली, तर तो रोज दुपारी आत जाऊन बसतो का?”

मी म्हटलं, “बसत नाही हो. खिडकीतून बघतो फक्त.”

“आणि नळ सोडतो,” बाई म्हणाल्या.

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण वकिलांनी माझा सदरा खाली ओढला. मग बाईंनीच आणखी एक विचारलं. इतकंच बघायचं होतं तर तिकीट काढून का नाही गेलात, दार तर सगळ्यांना उघडं आहे. मी म्हटलं, “तिकीट काढलं की मी पाहुणा होतो, बाई.” त्यांनी ते लिहून घेतलं.

पशुवैद्य बाईंची साक्ष आमच्या बाजूने व्हायची होती. झालीही. पाण्याने जनावराला काहीही इजा झाली नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि तिथेच माझा दुसरा आरोप ढासळला. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. बाईसाहेबांना हल्ली म्हातारपणामुळे फवारा अजिबात नकोसा झाला आहे, म्हणून त्यांनी तो बंदच ठेवायला सांगितला होता, आणि तरी तो दुपारी आपोआप कसा उडतो हे कोणाला कळत नव्हतं. त्यामुळे ती दुपारची काठावर यायचीच बंद झाली होती. पाण्याखाली राहायची, नाकपुड्या तेवढ्या वर. म्हणजे मी ज्याला नमस्कार म्हणत होतो ते तिचं पळून जाणं होतं. सरकारी वकिलांचं सगळं भाषण मला लागलं नाही, हे मात्र लागलं. मी बाहेर येऊन पशुवैद्य बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, तिला सांगते.

निकाल असा: आत शिरल्याचा गुन्हा सिद्ध, नुकसानीचा हेतू नाही. शिक्षा तुरुंगाची नाही. वर्षभर चांगलं वागायचं आणि तेवढ्या काळात कुठल्याही संगणकासमोर बसायचं नाही. चांगलं मी वागतोच, त्यामुळे अर्धी शिक्षा आधीच भोगून झाल्यासारखी आहे. आच्छादन परत मिळालं. निकालानंतर संचालक स्वतः माझ्यापाशी आले, हस्तांदोलन केलं आणि म्हणाले की तुमच्यामुळे पाहणी समितीने नवीन यंत्रणा ताबडतोब मंजूर केली. मी म्हटलं, आणखी काही अडलं तर सांगा. वकिलांनी मला ओढत गाडीत बसवलं.

तेव्हा आपला होणारा व्याही गुन्हेगार आहे, पण किरकोळ. यावरून आपल्याला लग्नाचा फेरविचार करायचा असेल तर मी समजू शकतो. मुलगी मात्र अजिबात समजू शकणार नाही, आणि ती माझ्यावर गेली आहे, एवढंच सुचवून थांबतो. कंबर शेकत राहा.

आपला, कायद्याने सुधारत असलेला,
होणारा व्याही

ता.क. आपले चिरंजीव प्रत्येक तारखेला न्यायालयात शेवटच्या बाकावर बसलेले असत आणि आमच्या सौ.ला जिने उतरायला हात देत. आपल्याला त्यांनी ऑफिसात जास्तीचं काम असल्याचं सांगितलं होतं असं कळतं. हे आपल्याला माहीत नसेल तर मी लिहिलं असं सांगू नये. माझ्याकडून होकार पहिल्यापेक्षा पक्का आहे.

ता.क. दुसरा. पत्राचं खरं कारण राहिलंच. नव्या यंत्रणेत तळ्याचं चित्र आता सगळ्यांना फुकट बघता येतं, प्राणिसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर, राजरोस. बंदी जगात फक्त मला आहे. सौ. संगणकाला हात लावत नाही आणि मुलीला विचारायची सोय राहिलेली नाही. तेव्हा आपण दुपारी जेवण झाल्यावर जरा बघाल का, बाईसाहेब काठावर येऊन बसते का? बसत असेल तर तेवढंच एका ओळीत कळवा. मला बाकी काही नको.

ता.क. तिसरा. चित्राच्या खाली कोपऱ्यात एक लहानसा बाण दिसेल. तो कॅमेरा फिरवण्याचा आहे आणि चुकून सगळ्यांसाठी उघडा राहिला आहे, असं आपले चिरंजीव परवा बोलता बोलता म्हणाले. त्याला हात लावू नका. तो गुन्हा आहे, हे मी अनुभवाने सांगतो. लावलाच, तर डावीकडे. सावली तिकडे असते.