म्हात्रेची केबल

२२ ऑक्टो. ९६, मंगळ.
दसऱ्याची सुट्टी संपली, छळ सुरू. मी लिहिलेला ड्रायव्हर प्रोग्रॅम चढवला की मशीन गोठतं. आत काय बिघडतं ते बघायला कर्नल डिबगर हा दुसरा प्रोग्रॅम आहे. तो सिरियल केबलवरून बाजूच्या टर्मिनलवर बोलतो. बोलतो, पण ऐकत नाही. प्रॉम्प्ट येतो, मी कळ दाबतो, तिकडे काहीच पोचत नाही. शनिवारी गिऱ्हाईक पार्टी डेमो बघायला येणार. डेमो फसला तर नोकरीचं कन्फर्मेशन विसर, सरांनी शांतपणे सांगितलं.

२३, बुध.
स्पीड बदलला, पॅरिटी बदलली, टर्मिनल बदललं. ढिम्म. संडासात जाऊन रडलो, तोंड धुऊन परत बसलो. केबल एकच, आमचा टेक्निशियन म्हात्रे यानं बनवलेली. तो इथल्याच पावणे गावचा. म्हणाला, "केबल बरोबर हाय. सुट्टीआदी मीटर लावून बगितलीय मी."

२४
सरांनी झापलं. तोंडातून निघून गेलं, "म्हात्रेचं सोल्डरिंग कच्चं आहे, सर." खात्री काहीच नव्हती. घाबरलो होतो, बस. सरांनी बाहेरून नवी केबल मागवली.

२५, शुक्र.
नवी केबल लावली, पहिल्याच कळीला अक्षर उमटलं. तासाभरात ड्रायव्हरमधली चूक सापडली. सर खूश. चारला म्हात्रेला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तो माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, तुमी तरी सांगा, माजं काम कच्चं असतं का?"
मी पुढची कमांड टाइप केली.

२६
डेमो झाला. कन्फर्मेशनचं पत्र सोमवारी.
सगळे गेल्यावर जुनी केबल उघडली. सोल्डरिंग चकचकीत. पण कनेक्टरच्या एका भोकात लाल काहीतरी. सुईनं उकरलं. वाळलेलं कुंकू, त्यात तांदळाची कणी; पिन टेकतच नव्हती. खंडेनवमीला केबल काढून मशीनपुढे मीच मांडली, हळदकुंकू मीच वाहिलं, अक्षताही. म्हात्रे म्हणाला होता, "केबलच्या तोंडावर नका टाकू, साहेब." मी हसण्यावारी नेलं. लाज वाटते.

२८, सोम.
पत्र मिळालं. खिशात आहे. ती कणीही, कागदात बांधून.
दुपारी पावणे गावात म्हात्रेकडे गेलो. बायको म्हणाली, "ते कळंबोलीला गेलेत, ट्रकच्या बॅटऱ्यांचं काम मिलतंय का बगायला. काय सांगू त्यांना?"
संध्याकाळी येतो, म्हणालो.
आता साडेचार. सर सहापर्यंत केबिनमध्ये असतात.