रिकामा कन्व्हर्टर

गुरुवार, संध्याकाळ

इंजिनाचा पिवळा दिवा दोन महिने डोळे वटारतोय आणि सुनील एकच सांगत होता, "बाई, पेट्रोलमध्येच भेसळ असते हल्ली." मी विश्वास ठेवला. शाळेत माझ्या वर्गात शिकलेला मुलगा. बारा वर्षं गाडीला दुसऱ्या कुणा मेकॅनिकचा हात लागू दिला नाही.

आज वारज्यातल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने स्कॅनर लावला. धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर काम करत नाही म्हणाला. मग गाडी वर उचलून मला दाखवलं. कन्व्हर्टरच्या डब्यावर वेल्डिंगची नवी रेघ. त्याने डबा ठोकला, तर पोकळ आवाज. "काकू, आतला माल काढून घेतलाय. महागडा धातू असतो त्यात."

ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही. किती सफाईदार!

आणि पीयूसी? दाखला सुनीलच आणून द्यायचा, गाडी न नेता. मी त्याला सोय समजत होते. मी, जन्मभर नियम शिकवणारी! धूर खरंच तपासला असता तर चोरी तेव्हाच उघडी पडली असती. हे मला का सुचलं नाही?

फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, दुसरीकडे कशाला गेलात? मला सांगायचं होतं ना."

'मी काढला नाही' एवढं मात्र शेवटपर्यंत म्हणाला नाही.

गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असते. उद्या सकाळी जाऊन घेऊन येणार.