सात चिपांवरचं कुंकू

बाबा, तुमचा तो जुना कॉम्प्युटर आज सुरू झाला. टीव्हीला जोडला, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी चौकट लुकलुकायला लागली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. हे सांगावं असं दुसरं कोणी सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

देवळीच्या दुकानातला तो दसरा तुम्ही विसरला असाल, मी नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आपलं. दसऱ्याला मीटर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न सगळं पुसून मांडायचं आणि हळद-कुंकू वाहायचं. त्या वर्षी नागपूरहून कोणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर तुम्ही आणला होता, आणि झाकण उघडंच होतं. मी बारा वर्षांची. मला वाटलं, डब्याला काय पुजायचं, खरं यंत्र तर आत आहे. आतल्या बोर्डावर मेमरीच्या आठ चिपा ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर मी ओल्या कुंकवाचं एकेक बोट लावलं. संध्याकाळी तुम्ही बटण दाबलं, तर पडद्यावर नुसता कचरा. सोनं द्यायला आलेल्या पाच-सहा लोकांसमोर तुम्ही म्हणालात, "घ्या, मारलं पोरीनं. आता या टेबलाले हात नोको लावजो."

नाही लावला. वर्ध्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, पण घरातला फ्यूज उडाला तरी शेजाऱ्यांना हाक मारत आले. आपला हात वाईट, हे मनात पक्कं बसलं होतं. दहावी पास झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, आणि तुम्ही माझ्यासमोर एक डबी ठेवलीत. आत पेनासारखं हलकं, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न. मी विचारलं, "मले काऊन?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ठेवजो. कामी येईन." असा संताप आला म्हणून सांगू. ती डबी मी ट्रंकेच्या तळाशी टाकून दिली.

यंदा मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दुकान रिकामं करताना तुमच्या धोतरात बांधून ठेवलेला तो कॉम्प्युटर निघाला. तो सुरू करायचाच, असा हट्टच धरला म्हणा ना. बाजारातून एक आयर्न आणलं आणि भंगारातल्या रेडिओंवर दोन महिने हात बसवला. मग बोर्ड उघडला. सात चिपांवर माझं कुंकू अजून आहे, काळपट पडलेलं. आठवी मात्र कोरी. तिच्या पायांशी तुमच्या सवयीचे सोल्डरचे जाड, टपोरे टाके. म्हणजे माझ्या माघारी ती एक चिप तुम्ही बदलली होती. खराब तेवढीच होती, आणि प्लास्टिकच्या पाठीवरचं कुंकू आत जात नाही हे तुम्हाला कळलं होतं. ती उचलली तर खालचं, पाय जिथं जोडतात ते तांब्याचं कडं जळून उखडलेलं. रेडिओच्या जाड पत्र्यावर चालायचं ते दांडगं आयर्न तुम्ही या नाजूक बोर्डाला लावलंत. यंत्र तुमच्या हातानं गेलं, बाबा, आणि नाव माझं राहिलं. दोन दिवस मी त्या बोर्डाकडे बघितलं नाही. तुमच्या फोटोकडेही नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. डबीवर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बारीक कामासाठी'. इतक्या वर्षांत मी ते वाचलंच नव्हतं. वाचलं आणि तिथंच जमिनीवर बसून रडले.

त्याच आयर्ननं पुढचं काम केलं. कुंकू लावलेल्यांपैकी एक चिप आता वयानं गेली होती. तिचे पाय आधी कापायचे, मग एकेक पाय गरम करून चिमट्यानं ओढायचा. घाई केली की संपलं. शेवटच्या पायाला मी घाई केली. कडं उखडलं, अगदी तुमच्यासारखंच. तुमच्या जागी एक आणि माझ्या जागी एक, अशा दोन बारीक तारा जोडून वाट काढली.

मघाशी लेक वाकून बघत होती. तिनं विचारलं, "आई, इथं दोन तारा काऊन जोडल्या?"

"तुया आजोबाचा प्रताप," मी म्हणाले. "दोन्ही."

ती हसली. तिला खरं वाटलं. त्यातली एक तार माझी, हे तिला सांगायचं अजून राहिलंय.