मिठाचा कोरा नमुना

आई, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून तुला लिहितेय. तू होतीस तेव्हा ह्या गावाला सगळे उस्मानाबाद म्हणायचे. आता पाट्यांवर धाराशिव आहे, पण सकाळी भूमहून येताना एसटीत शेजारच्या म्हातारीनं जुन्याच नावाचं तिकीट मागितलं आणि कंडक्टरनंही काही न बोलता काढून दिलं. मला तुझीच आठवण झाली. माझ्या पर्समध्ये समन्स आहे. घाबरू नकोस, आरोपी मी नाही, मला फक्त साक्ष द्यायचीय. तरी सारखं उठून मोरीला जावंसं वाटतंय. ह्या वयात हे कुणाला सांगू? नवऱ्याला फोन केला तर म्हणेल, खरं ते सांग आणि ये निघून. त्याला सगळंच सोपं वाटतं. भ्यायचं कसं ते मला तूच शिकवलंस, म्हणून तुलाच सांगते.

माझी नोकरी तुला माहीतच नाही. तू गेलीस तेव्हा मी अजून कॉलेजातच होते. मी सरकारी प्रयोगशाळेत आहे. कुणी संशयास्पद मेलं की डॉक्टर त्याच्या जठराचे, काळजाचे तुकडे काढून बरणीत घालतात, नासू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवतात, लाखेनं सील करतात आणि पोलीस ती बरणी आमच्याकडं आणून देतात. त्यात विष आहे का ते आम्ही बघायचं. तू म्हणाली असतीस, 'शी! एवढं शिकून हेच काम ऱ्हायलं व्हतं का?' आणि घरात पाऊल टाकायच्या आधी मला न्हाणीत ढकललं असतंस. खरं सांगू का, मी अजूनही घरी गेले की आधी कोपरापर्यंत हात धुते. नवरा हसतो.

समोरच्या पायरीवर ह्या केसमधली आरोपी बसलीय, पोलीसबाईच्या शेजारी. तिशीतली असेल. तिचा नवरा सकाळी खळ्यावर मरून पडलेला सापडला. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिच्या पोरीनं पोलिसांना सांगितलं की आई म्हणाली होती, 'एक दिवस कालवणात औषध घालीन तुमच्या.' औषध म्हणजे फवारणीचं, हे तुला काय सांगायचं. मग बरणी माझ्याकडं आली. मी तपासलं, कीटकनाशक सापडलं, मी सही केली. पोरीचं बोलणं आणि माझी सही, एवढ्यावर ती तेव्हापासून तुरुंगात आहे. मघाशी माझ्यावर ऊन आलं तर तिनंच हाक मारली, 'बाई, इकडं सरका की, सावली हाय इथं. लई टाइम लावतेत इथं.' मी कोण आहे हे तिला माहीत नाही. मी सरकले.

आता मुद्द्याचं सांगते. तिचा अहवाल जाऊन बरेच महिने झाले होते. एक सहकारी बाळंतपणाला गेली म्हणून तिच्या बरण्या माझ्या टेबलावर आल्या. त्यातली एक त्याच ग्रामीण रुग्णालयातली. माणूस ट्रॅक्टरसकट विहिरीत गेलेला, चारचौघांच्या डोळ्यांदेखत. विष घ्यायचा, द्यायचा प्रश्नच नव्हता, विम्याला कागद पाहिजे म्हणून बरणी पाठवलेली. मी काचेच्या पट्टीवर नमुना लावला, वरून रसायन फवारलं आणि पट्टीवर तिच्या नवऱ्याच्या वेळी आलेला तोच डाग आला, त्याच उंचीवर, तसाच फिका. विहिरीत बुडालेल्या माणसाच्या पोटात कीटकनाशक! मला वाटलं, माझंच काही भांडं धुवायचं राहिलं. सगळं नवं घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. मशीनवर लावलं, तिथंही तेच. मी स्टुलावर बसून राहिले.

नियम असा आहे, आई, की ज्या मिठाच्या पाण्यात अवयव बुडवले त्याच पाण्याची एक बाटली वेगळी भरून पाठवायची. नुसतं पाणी. त्याला कोरा नमुना म्हणतात. मिठातच काही मिसळलेलं असलं तर तो चुगली करतो. त्या रुग्णालयातून ती बाटली कधी यायचीच नाही, आणि आम्हीही कधी मागितली नाही. 'कोरा नमुना प्राप्त नाही' एवढं लिहायचं आणि पुढं चालायचं. तिच्या अहवालातही तेवढंच लिहिलंय, खाली, बारीक अक्षरात, आणि ते अजून कुणी वाचलेलं नाही.

मी रुग्णालयात फोन लावला. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या माणसानं उचलला. 'मीठ व्हय, मॅडम? त्ये समोरच्या शेतीच्या दुकानातनं आणतो की. गुरांचं खडेमीठ. फुटलेलं पोतं असलं तर पैसं बी घेत न्हाय त्यो, लई चांगला माणूस हाय.' मी विचारलं, पोत्याशेजारी काय काय असतं दुकानात? 'काय असणार? बी, खत, फवारणीच्या भुकटीच्या थैल्या. उंदरं लई झालेत, समदं कुरतडतेत.' आणि मग बिचाऱ्यानं काळजीनं विचारलं, 'का वो मॅडम, मीठ कमी पडाय लागलंय का?' मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला.

रीतसर पत्र पाठवून ते मीठ मागवलं. आलं. नुसतं मीठ पाण्यात विरघळवून तपासलं. डाग आला. मी पट्टी घेऊन साहेबांकडं गेले. साहेब वाईट माणूस नाही, मला काम त्यांनीच शिकवलंय. त्यांनी पट्टी उजेडाला धरून बघितली. मग म्हणाले, 'आजच्या मिठात आहे म्हणून त्या दिवशीच्या मिठातही होतं, हे कशावरून?' मी म्हणाले, 'नव्हतं हे तरी कशावरून, सर?' तर म्हणाले, 'मॅडम, खाजवून खरूज काढू नका. त्या रुग्णालयाच्या सगळ्या केसेस उघडाव्या लागतील. त्यातल्या काहींनी खरंच विष घातलं असेल. ते सुटून घरी जातील. झोप लागेल तुम्हाला?' मी लेखी दिलं ते त्यांनी वर पाठवलं, पण वरून अजून उत्तर नाही. आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. तिच्या नवऱ्याला अग्नी देऊन झाला. बरणीतला प्रत्येक तुकडा त्याच मिठात मुरलाय. आता पुन्हा तपासलं तरी मीठच बोलणार. तिनं कालवणात काही घातलं होतं का, हे आता कुणालाच कळायचं नाही.

मीठ म्हटलं की मला आपल्या चुलीजवळचा कोनाडा दिसतो. चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. तिला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आप्पा जेवायला बसले की तू भाकरी थापायची थांबायचीस. पहिला घास तोंडात जाईपर्यंत तुझा श्वास वर अडकलेला असायचा, आणि आम्हा पोरांचाही. मीठ जास्त झालं तर ताट भिंतीवर, कमी झालं तर हात तुझ्या पाठीवर. दारू नाही, व्यसन नाही, गावात देवमाणूस म्हणायचे त्यांना. तुझ्यामागं लई वर्षं जगले ते. शेवटी डॉक्टरनं त्यांचं मीठ बंद केलं. वहिनी अळणी वरण वाढायची आणि ते गपगुमान खायचे, एकदाही ताट ढकललं नाही. मला तेव्हा इतका संताप आला होता म्हणून सांगू!

आणि ती चिंचेची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची असेन. चिंचा घेऊन आले आणि मिठाच्या बरणीत हात घातला. तू अशी कानफटात ठेवून दिलीस की कान दिवसभर गुणगुणत होता. मग माझा हात धरून राखेनं खसाखसा घासलास, कातडी लाल होईपर्यंत, आणि सबंध बरणी नेऊन उकिरड्याच्या खड्ड्यात उपडी केलीस. मीठ सांडलं तर देवाच्या घरी पापण्यांनी वेचावं लागतं म्हणणारी तू! मी सगळ्यांना ही गोष्ट हसत सांगत आले. आमची आई अशी, मी रानातून आले होते ना, हाताला फवारणीचं काही लागलं असेल म्हणून एवढं मीठ फेकून दिलं. प्रयोगशाळेत नवी पोरं आली की स्वच्छता शिकवायला मी हीच गोष्ट सांगते. लोकांना आवडते.

मघाशी सरकारी वकील येऊन गेले. तरणा पोरगा आहे, चुणचुणीत. म्हणाला, 'मॅडम, विचारलं तेवढंच बोलायचं. विष सापडलं का? सापडलं. बास. मी काय तुम्हाला जास्त वेळ उभं करत नाही. चहा सांगू का?' तिचा वकील सरकारनंच दिलेला. तो आत्ताच घाईघाईनं कागद उलगडतोय. कोरा नमुना म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही, तो विचारणार नाही. म्हणजे मी गप्प बसले तर कुणालाही काही कळणार नाही. आणि आपणहून बोलले तर चौकशी, बदली, पेपरात नाव, साहेबांचं तोंड बघायची चोरी. मला भीती वाटते, आई, सरळ सांगते. बोलायची वाटते आणि न बोलायची त्याहून वाटते. ती सुटली आणि तिनं खरंच घातलं असलं तर? आणि तिला जन्मठेप झाली आणि ते नुसतं गुरांचं मीठ असलं तर?

आत्ता तिची सासू पोरीला घेऊन आली. पोरीनं दोन वेण्या घातल्यात, शाळेचाच ड्रेस आहे. ती झाडाआड उभी राहून आईकडं बघतेय. तिच्या आईनं पायरीवरूनच विचारलं, 'शाळंत जाती का गं?' पोरीनं मान हलवली. 'जेवती का?' सासूनं दंडाला धरून तिला पलीकडं ओढलं. पोरीचा चेहरा मला इथून दिसतोय. तिनं जे ऐकलं तेच सांगितलं, खोटं नाही बोलली. पण त्या सांगण्याचं काय झालं हे तिला आता कळायला लागलंय. मला तिच्याकडं बघवत नाही.

आई, चिंचेची गोष्ट मी नेहमी अर्धी सांगते. त्या दिवशी सकाळी आप्पांनी ताट फेकलं होतं आणि तुझ्या कपाळाला खोक पडली होती. दुपारी मी कणगीमागं गारव्याला पडले होते. तू आत आलीस. वळचणीची औषधाची बाटली काढलीस. झाकण फिरवल्याचा आवाज आला, तो उग्र वास आला. तुझी पाठ होती माझ्याकडं, कोनाड्यापुढं वाकलेली. तू अगदी हळू बोललीस, बाळाशी बोलावं तसं, 'आज मीठ बरोबर पडंल बघा.' बराच वेळ तू तशीच उभी होतीस. मग झाकण लागलं, तू बाहेर गेलीस आणि ती बाटली पुन्हा घरात कधी दिसली नाही. मी भिऊन झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि मग उठून, का कुणास ठाऊक, बाहेर जाऊन चिंचा पाडल्या आणि येऊन सरळ त्याच बरणीत हात घातला. बघायचं होतं मला. बरणीत थेंब पडला होता की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. तू ते मीठ फेकलंस, एवढंच माहीत आहे.

त्या वर्षी आप्पा कशानंही गेले असते, सापानं, विहिरीत पडून, आणि त्यांच्या जठराची बरणी असल्याच मिठाचं पाणी भरून कुणा माझ्यासारखीकडं गेली असती, तर ह्या पायरीवर तू बसली असतीस. आणि मला जवळ घेऊन कुणी विचारलं असतं, बाळ, आई काय म्हणाली होती, तर मी सांगितलं असतं. मला ओळखतीस ना तू? मी सांगितलंच असतं.

शिपाई दारात आलाय, तिच्या केसचा पुकारा झाला. पोलीसबाई उठली, ती पण उठली, साडी झटकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, 'चला बाई, तुमचा बी लवकर लागू दे नंबर.' तिच्या मागोमाग मलाच आत जायचंय. सरकारी वकील विचारेल, विष सापडलं का. मी हो म्हणणार, आणि त्यानं बास म्हणायच्या आत न्यायाधीशांकडं वळून सांगणार की मिठाचा कोरा नमुना नव्हता, नंतर मागवलेल्या मिठातही तेच विष निघालं, त्यामुळं हे विष माणसाच्या पोटातलं आहे की मिठातलं, हे मला माहीत नाही. एवढंच मला खरं बोलता येतंय. जाते आता.

हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवतेय, तो कुठं पाठवायचा? एकच सांगायचं राहिलं. तू त्या दुपारी बाहेर जाताना वळून कणगीमागं बघितलंस आणि हळूच विचारलंस, 'झोपलीस का गं?' मी उत्तर दिलं नाही. मी जागी होते, आई.