जितेशसाठी वाढलेलं पान

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज गिरीज गावातल्या बंगलीत राहायला आले. आले म्हणजे चंद्रहासने आणून सोडली. चंद्रहास माझा मुलगा. एव्हरशाईनला त्याचा फ्लॅट आहे, आणि तिथल्या एका ओट्याशी मी नि माझी सून विनया मावत नाही हे त्याला आत्ता कळलं. बंगलीचा मालक परदेशात. याने ती भाड्याने घेतली आणि सुट्टीच्या पाहुण्यांना द्यायला काढली. मी किल्ली द्यायची, जेवण करायचं, चादरी बदलायच्या. विनया म्हणाली, आईंना जरा बदल होईल. झाला असेल तर तिला.

पण जागा झकास. तिन्ही बाजूंनी केळी, मागे नारळ, विहिरीवर पंप. मोठी खोली एकच, तिच्यात हत्ती लोळेल एवढा पलंग. पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून माझी खोली, पडवीकडे खिडकी असलेली. तिच्यातून पडवी ओलांडून मोठ्या खोलीतला पलंगही दिसतो. ओटा माझ्या उंचीचा. आयुष्यात पहिल्यांदा.

शेजारच्या वाडीतल्या लूर्डसबाई वालाच्या शेंगा घेऊन आल्या. वयाने माझ्याएवढ्या, तरी मला आजी म्हणतात. मी म्हटलं, मग तुम्ही कोण, कुमारिका? खूप हसल्या. त्यांचा नवरा फर्डिनंड आमच्याही वाडीतले केळीचे घड उतरवतो. कोयता त्याच्या कमरेलाच जन्मला असावा.

ही वही उन्नतीने दिली. चंद्रहासची लेक, पुण्याला असते. म्हणाली, पाहुण्यांच्या तक्रारी लिहून ठेव. चौथी पास बाईला तेवढं जमतं. नाताळात ती तान्ह्या आर्याला घेऊन येणार आहे. पणती मी अजून फोनातच बघितली. दुपटं शिवायला घेतलंय. रडकी असली तर दुपट्यासकट परत देईन.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिले पाहुणे आले. चंद्रहासने बंगली दोन कंपन्यांच्या ॲपवर टाकली आहे. एकीवरून नाहीतर दुसरीवरून माणूस मिळावा म्हणून. माझ्या फोनात दोन्हीकडची नावं येतात. आज एकीकडून रीमा, चार माणसं. दुसरीकडून जितेश, एक माणूस. तारीख एकच, यायची वेळ एकच, दुपारी एक. रीमाचा फोटो गॉगल लावलेला. जितेशच्या फोटोच्या जागी नुसतं राखाडी डोकं नि खांदे. मला वाटलं, त्यांच्यातलाच असेल, मागाहून येत असेल.

सकाळी कोंबडा केला. पदर खोचला, पंख पायाखाली घेतले, मान एकदा पिळली. कुंपणापलीकडून लूर्डसबाई म्हणाल्या, आवाजसुद्धा नाही आला. आवाज यायला वेळ द्यावा लागतो.

पानं पाच वाढली. आमच्याकडे राजापूरला रीत होती, उशिरा येणाऱ्याचं पान झाकण्याआधी वाटेकडे तोंड करून त्याला नावाने हाक मारायची. मी पडवीत उभी राहून मारली. जितेशभाऊ, या, पान वाढलंय. पलंगावर त्याची उशी मांडली, उशाशी तांब्या ठेवला. रीमा म्हणाली, आजी, आमच्यात जितेश कोणी नाहीच. मी म्हटलं, मग भुकेला राहील.

संध्याकाळी झाकलेलं ताट उघडलं तर लख्ख. हाडंही नाहीत. रीमाचा नवरा तसा खादाड दिसत होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

चंद्रहासला फोन करून जितेशचं विचारलं. तो हसत सुटला. जितेश नावाचा माणूसच नाही. एका ॲपवर पाहुणा मिळाला की दुसऱ्यावर तीच तारीख बंद करावी लागते, नाहीतर एका पलंगाला दोन बिऱ्हाडं. पण तारीख बंद केली की कंपनी म्हणे रुसते, बंगली यादीत तळाला ढकलते. म्हणून हा शहाणा तारीख बंद करत नाही, खोट्या नावाने बुकिंग टाकून अडवतो.

म्हणजे ज्याला आई नाही, बाप नाही, गाव नाही, त्याला मी नावाने हाक मारून जेवू घातलं. मी म्हटलं, मेल्या, रिकाम्या पाळण्याला झोका देऊ नये हे तुला लहानपणी सांगितलं होतं, तू तर रिकाम्या माणसाला घर दिलंस. तो म्हणाला, आई, हे सॉफ्टवेअर आहे. जसं काही सॉफ्टवेअरला पोट नसतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दार लावून लिहायला बसले.

एरॉल नि ॲंजेला म्हणून नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं, जरा लवकरच. एरॉल पलंगावर आडवा झाला, ॲंजेला विहिरीकडे फोटो काढत होती. मी स्वयंपाकघरात मासे तळत होते. एकच्या सुमाराला पडवीतून कोणीतरी आत गेलं. पाठ दिसली. राखाडी शर्ट.

मग दणका. कपाट पडावं तसा. मी झारा घेऊन धावले. एरॉल जमिनीवर, आणि तो त्याच्या छातीवर बसलेला. एरॉलचं तोंड दोन्ही हातांनी धरून नारळ सोलावा तसं उकलत होता. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. झारा त्याच्या पाठीत घातला. तेल चरचरलं, पण तो वळला तो सावकाश, हाक मारल्यासारखा.

चेहरा नव्हता. फोनात असतं तसंच. डोकं, मान, खांदे, आणि मधे गुळगुळीत राखाडी.

कुठून बोलला माहीत नाही, पण अगदी अदबीने बोलला. "माझं बुकिंग आहे."

मग पलंगावर जाऊन पडला. मी एरॉलला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. परत बघितलं तर पलंग रिकामा, उशीला खळगा.

रविवार, १६ नोव्हेंबर

एरॉल इस्पितळात आहे. जबड्याला तारा घातल्या. ॲंजेलाने ॲपवर पाचातली एकच चांदणी दिली. तिचा नवरा तोंडाने बोलू शकत नाही आणि चंद्रहासला दुःख चांदणीचं. मी बघितलं ते सगळं सांगितलं. म्हणाला, कोणी चोर असेल, दाराला कडी लावत जा. त्या चांदणीमुळे बंगली यादीत खाली गेली, म्हणून याने तिसऱ्या कंपनीवरही टाकली.

म्हणजे एक पाहुणा खरा असला की आता जितेश दोन.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोन आले.

मागचा शनिवार रिकामा गेला म्हणून मला बरं वाटलं होतं. आज अंधेरीची पोरं आली, सामान टाकून समुद्रावर गेली. मी एक वाजायच्या आधी फर्डिनंडला बोलावून पडवीत बसवलं. चेष्टा करत होता, आजी, जावई येणार काय?

दोघे फाटकातून आले. एकच चाल, एकच शर्ट, दोघांनाही तोंड नाही. दोघे एकदम दारात अडकले. मग खोलीत गेले आणि पलंगापाशी एकमेकांवर पडले. खिडकीतून मी सगळं बघितलं. पहिल्याने दुसऱ्याचं डोकं पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं. आपटत राहिला. घाई नाही, राग नाही, चटणी वाटावी तसं. रक्त भिंतीला, मच्छरदाणीला, आर्याच्या दुपट्याला. ते मी तिथे वाळत घातलं होतं.

फर्डिनंड कोयता घेऊन आत शिरला. चांगला माणूस, म्हणून शिरला. उरलेल्याने कोयता पात्याला धरून काढून घेतला आणि फर्डिनंडचाच हात चौकटीवर ठेवून मारला. बोटं पडवीत पडली. मी उचलली, बर्फात घातली, रिक्षात त्याच्या मांडीवर ठेवली. आणखी काय करणार.

परत आले तर खोलीत मेलेला नाही, जिवंत नाही. रक्त होतं. पोरं सामान घेऊन पळाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

बोटं जुळली नाहीत. लूर्डसबाई कुंपणाशी उभ्या होत्या. मी जवळ गेले. शेंगा नाहीत, हसू नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याला जेवायला कोनी बोलावला? तुमी. आता तुमीच घालवा."

खरं आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

पाहुणे घेऊ नको म्हणून चंद्रहासच्या पाया पडायची बाकी राहिले. नवी बुकिंगं थांबवली म्हणाला, आणि आज तरीही आधीचं बुकिंग असलेलं एक कुटुंब आलं. मी त्यांना फाटकातूनच हाकललं, घरात साथ आहे म्हणून. एक वाजता दोघे आले. मेलेला धडधाकट. पुन्हा तेच, पलंगाचा तोच कोपरा. मी स्वयंपाकघरात बसून ऐकलं. मग फिनेल घेऊन गेले.

सवय होते माणसाला, हेच वाईट.

सोमवार, २२ डिसेंबर

उन्नती परवा येते. चंद्रहासच्या फ्लॅटमधली फरशी उखडली आहे, म्हणून इथेच राहणार. मी फोनवर नको म्हटलं, कारण सांगितलं. ती म्हणाली, आजी, तुला एकटीला भास होतात, आता मी आले की बरं वाटेल. पप्पांनी आमच्यासाठी तारखा ठेवल्यात.

कशा ठेवल्या ते मला विचार ना बाई.

तिन्ही कंपन्यांवर. खरा पाहुणा नाही. तिन्ही ठिकाणी जितेश. आणि पलंगावर पोर.

चंद्रहासला सांगितलं, काढ ते नाव. तो म्हणाला, काढलं तर दुसरे पाहुणे येतील, काहीतरी नाव लागतंच. तेव्हा मला सुचलं. जितेशला माणूस नव्हता, म्हणून नाव माणूस शोधत आलं. माझ्या नावाला मी आहे. मी घरातच आहे, माझ्या नावाला कुठून यायची गरज नाही. मी म्हटलं, माझं नाव घाल, द्वारका. तिन्हीकडे. तो कंटाळून बरं म्हणाला. फोनात बघितलं. द्वारका, एक माणूस. द्वारका, एक माणूस. द्वारका, एक माणूस.

बऱ्याच दिवसांनी झोप आली.

बुधवार, २४ डिसेंबर. सकाळ

रात्री दुपटं नवीन पुरं केलं. आज पान कोणाचं जास्त वाढायचं नाही, हाक कोणाला मारायची नाही. एक वाजेपर्यंत जितेश आला नाही तर लूर्डसबाईंकडे नाताळची करंजी घेऊन जाणार. घेतली तर घेतली.

दुपार

जितेश आला नाही.

फाटकात बाई आली. माझं लुगडं. डावा गुडघा माझ्यासारखाच ओढते. मागून दुसरी. मागून—

तीन नावं. मी एकच. हे मला कसं—

तोंडं आहेत त्यांना. माझीच. फोनात माझा फोटो आहे, चंद्रहासने घातला असेल.

आपापसात भांडल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तुझं बुकिंग नाही." माझाच आवाज, माझाच तुसडेपणा. दंड धरून मला माझ्या खोलीत टाकलं, बाहेरून कडी लावली. खांदा उतरलाय. डाव्या हाताने लिहितेय.

गाडी आली.

ओरडतेय मी. वाडीत पंप चालू आहे. उन्नती, इकडे बघ, खिडकीत—

पडवीत एकच उभी आहे. दोघी दाराआड. उन्नती तिच्या पाया पडली. आजी म्हणाली तिला.

हे कोणाला सापडलं तर. ते हात माझे नाहीत. मी इथे आत आहे, गजांमागे. लूर्डसबाईंना सांगा. उन्नतीला सांगा, ती उरली तर—

आत गेल्या. पलंगापाशी. उन्नती आर्याला पलंगावर ठेवते. त्यांच्या पलंगावर. नको गं, तिथे नको—

पोर हसली.

एकीने पदर खोचला. मी कोंबड्याला खोचते तसाच, आणि वाकून